शेत तिच्या नावावर, पीक कोणाचं?

पश्चिम आफ्रिकेतला गांबिया नकाशावर चटकन सापडत नाही. एका नदीचे दोन्ही काठ धरून गेलेली चिंचोळी पट्टी, एवढाच तो देश. या नदीकाठच्या पाणथळ जमिनीत मांडिंका समाजाच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवत आल्या. पुरुषांची शेती वरच्या कोरड्या जमिनीत. तिथे ज्वारी-बाजरी, आणि इंग्रजांच्या अमलात वाढत गेलेला, विक्रीसाठीचा भुईमूग. खाचरात कोणतं वाण तगेल, पाणी कधी ओसरेल, लावणी कधी उरकायची, हे सगळं बायकांच्या डोक्यात.

१९६०च्या दशकापासून भाताचं उत्पादन वाढवायला परदेशी पथकं तिथं यायला लागली. आधी तैवानचं, मग जागतिक बँकेचं, मग चीनचं. पंप आले, सुधारित बियाणं आलं, खत आलं, कर्ज आलं. हे वाटताना पथकांनी ‘शेतकऱ्याला’ गाठलं, आणि शेतकरी म्हणजे अर्थातच पुरुष. भातातलं ज्यांना कळत होतं त्या बायका बाजूला राहिल्या आणि ज्यांचा भाताशी फारसा संबंध नव्हता त्यांना भाताचं प्रशिक्षण मिळालं. जेनी डे या संशोधक बाईंनी १९८१ साली हे सगळं तपशिलात मांडलं. या योजना ठरवल्याइतक्या का पिकल्या नाहीत, याचं एक मोठं कारण त्यात होतं.

पुढे १९८४ साली जाहाली-पाचार नावाचा मोठा सिंचन प्रकल्प सुरू झाला. क्षेत्र दीड हजार हेक्टर, वर्षाला भाताची दोन पिकं. आता निधी देणाऱ्या संस्था शहाण्या झाल्या होत्या. जमिनीचे तुकडे बायकांच्या नावावर झाले पाहिजेत, असा त्यांनी आग्रह धरला आणि कागदावर तसं झालंही. गोष्ट इथे संपायला हवी होती. खरी गंमत इथून पुढे आहे.

मांडिंका घरात शेत दोन तऱ्हांचं असतं. ‘मारुओ’ म्हणजे सगळ्या घराचं शेत. त्यात सगळ्यांनी राबायचं, धान्य सगळ्यांच्या पोटात जायचं, आणि हुकूम घरच्या कर्त्या पुरुषाचा. दुसरं ‘कामान्यांगो’, म्हणजे ज्याचं त्याचं. त्यातलं पीकही ज्याचं त्याचं आणि विकून आलेला पैसाही. बायका दलदल स्वतः साफ करायच्या आणि त्यातून आपलं कामान्यांगो उभं करायच्या. हाताशी चार पैसे राहायचे ते त्यातूनच. प्रकल्पात बायकांची नावं लागली तेव्हा पुरुष एवढंच म्हणाले, की ही शेतं मारुओ. सात-बारा म्हणा हवं तर, तो तिच्या नावावर. लावणी, खुरपणी, कापणी, तीही आता वर्षातून दोनदा, तिच्या अंगावर. शिलकीचा भात विकून आलेला पैसा मात्र कर्त्याच्या हातात. शिवाय जी पाणथळ जमीन प्रकल्पात गेली तिच्यावरची बायकांची जुनी कामान्यांगो शेतंही गेली. ज्युडिथ कार्नी या भूगोल-अभ्यासक बाईंनी हा झगडा वर्षानुवर्षं नोंदवला आहे. बायकांनी त्यावर काय केलं, तिथे आपण परत येऊच.

आर्थिक विकासाकडे स्त्रीवादी नजरेनं पाहायचं म्हणजे नक्की काय, असं कोणी विचारलं तर मी व्याख्या न सांगता हे शेत दाखवेन. सरळ हिशेबात हा प्रकल्प यशस्वी आहे. पाणी आलं, पीक वाढलं, लाभार्थींच्या यादीत बायकांची नावं आली. स्त्रीवादी अभ्यासक त्याच्या पुढचे प्रश्न विचारतात. काम कोणाचं वाढलं? पैसा कोणाच्या हातात गेला? कोणाच्या वेळेची किंमत शून्य धरली? आणि ‘नाही’ म्हणायची सोय कोणाला होती?

हे प्रश्न आज साधे वाटतात. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी ते विचारलेही जात नव्हते. विकास म्हणजे धरणं, कारखाने, सुधारित शेती. त्याचा लाभ घरच्या कर्त्याला झाला की बायका-मुलांपर्यंत आपोआप पोचतो, असं गृहीतच होतं. बायकांसाठी वेगळं काही असलंच तर आहार, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो एस्टर बोसरुप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी. १९७० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘आर्थिक विकासात स्त्रीची भूमिका’ असं होतं. त्यांनी शेतीचे दोन नमुने मांडले. जिथं कुदळीनं फिरती शेती होते, उदाहरणार्थ आफ्रिकेच्या मोठ्या भागात, तिथे मुख्य शेतकरी बाई. जिथं नांगर आहे तिथे शेत पुरुषाचं. मग वसाहतींचे अधिकारी आणि त्यांच्यामागून आलेले तज्ज्ञ कुदळीच्या मुलखात गेले, नगदी पिकं, अवजारं, शिक्षण सगळं पुरुषांना दिलं, आणि बायका जुन्याच हत्यारांनी मागे राहिल्या. बायका मुळात मागास होत्या असं नाही, त्यांना विकासानं मागं टाकलं, असं बोसरुप म्हणत होत्या. नांगराचा धागा तर अजून संपलेला नाही. २०१३ साली तीन अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की ज्यांच्या पूर्वजांची शेती नांगराची होती, त्यांच्यात आजही बायकांनी बाहेर काम करण्याबद्दलची मतं जास्त कर्मठ आढळतात. शेत कधीच सुटलं, नांगर डोक्यात राहिला.

बोसरुप यांचं म्हणणं लगेच उचललं गेलं, आणि ते उचलण्यामागे थोडा व्यवहारही होता. अमेरिकेनं १९७३ साली आपल्या परदेशी मदतीच्या कायद्यात स्त्रियांना विकासात सामावून घेण्याचं कलम घातलं. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष झालं, मेक्सिको सिटीत पहिली जागतिक महिला परिषद भरली, आणि १९७६ ते १९८५ हे संयुक्त राष्ट्रांचं महिला दशक. मदतसंस्थांमध्ये महिला कक्ष उघडले. घोषणा एकच होती, स्त्रियांना विकासात आणा.

प्रत्यक्षात निघाल्या त्या बऱ्याचदा शिवणकाम, भरतकाम, हस्तकला अशा छोट्या योजना. मायरा बुविनिच यांनी १९८६ साली यावर नेमकं बोट ठेवलं. सुरुवात उत्पन्न वाढवण्याच्या नावानं होते, पण कमी पैसा, हौशी मनुष्यबळ आणि ‘बायकांना हेच जमतं’ ही समजूत यांमुळे योजना हळूहळू कल्याणकार्याकडे घसरते. शिकवलेल्या वस्तूला गिऱ्हाईक आहे का, हे कोणी पाहिलेलंच नसतं.

पण खरा वाद वेगळा होता, आणि तो स्त्रीवाद्यांच्या आपापसातला होता. ‘विकासात आणा’ म्हणजे काय? त्या बाहेर होत्या कधी? लुर्देस बेनेरिया आणि गीता सेन यांनी १९८१ साली बोसरुप यांच्याबद्दल आदर राखून हाच आक्षेप घेतला. बायका आधीपासून या व्यवस्थेतच आहेत, फक्त सगळ्यात खालच्या पायरीवर. शिवाय बोसरुप यांनी शेत पाहिलं, पण चूल आणि पाळणा पुरेसा पाहिला नाही. मजुराला रोज सकाळी कामावर जाण्याजोगा ठेवणं, त्याची मुलं वाढवणं, म्हाताऱ्यांचं करणं, हे सगळं फुकट होत असेल तर त्या फुकटेपणावरच बाकीची अर्थव्यवस्था उभी आहे. इथून पुढे चर्चेचा रोख ‘स्त्री’वरून ‘लिंगभावा’कडे वळला. बाई कुठं कमी पडते हा प्रश्न मागं पडला. बाई आणि पुरुष यांच्यात काम, पैसा आणि सत्ता कशी वाटली गेली आहे आणि ती वाटणी कोण टिकवतं, हा प्रश्न पुढे आला.

आता त्या फुकटेपणाचा हिशेब. मला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो, कारण इथे अन्याय आकडेमोडीच्या नियमात लपलेला आहे.

राष्ट्रीय उत्पन्न मोजायची आजची रीत १९३०-४०च्या दशकांत बसली. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकेच्या काँग्रेसला आकडे दिले तेव्हाच लिहून ठेवलं होतं की यात गृहिणींचं काम धरलेलं नाही, त्याची किंमत ठरवायला खात्रीचा आधार नाही. निदान त्यांनी ते कबूल तरी केलं. १९४०च्या दशकात फिलिस डीन या तरुण ब्रिटिश अर्थतज्ज्ञ बाईंकडे हीच रीत आफ्रिकेतल्या वसाहतींना, म्हणजे आजच्या झांबिया आणि मलावीला, लावून पाहायचं काम आलं. प्रत्यक्ष खेड्यांत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सरपण गोळा करणं, धान्य कुटणं, रांधणं वगळलं तर तिथल्या अर्थव्यवस्थेचा मोठा तुकडाच गायब होतो. हे धरायला हवं, असं त्यांचं मत होतं. ते मागे पडलं. १९५३ साली संयुक्त राष्ट्रांनी सगळ्या देशांसाठी हिशेबाची प्रमाण पद्धत काढली, तिच्यात स्वयंपाकपाणी आणि माणसांचं करणं बाहेरच राहिलं.

१९९३ साली नियम सुधारले आणि गोष्ट आणखी मजेशीर झाली. घरच्या वापरासाठी पिकवलेलं धान्य, डोक्यावरून आणलेलं पाणी, गोळा केलेलं सरपण, हे आता उत्पादनात धरायचं. पण तेच धान्य त्याच पाण्यात त्याच सरपणावर शिजवलं तर ते उत्पादन नाही. वस्तू मोजायची, सेवा नाही, असा नियम. त्याला एक मोठा अपवाद मात्र आहे. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा माणूस स्वतःलाच भाडं देतो असं मानून तेवढी रक्कम राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. म्हणजे नुसतं उभं असलेलं घर उत्पन्न देतं आणि त्या घरात दिवसभर उभी असलेली बाई काहीच करत नाही! बाजारभाव नाही हे कारण भिंतींना आड आलं नाही, बाईलाच आलं.

न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंग तेवीसाव्या वर्षी खासदार झाल्या, संसदेच्या सरकारी खर्चाच्या समितीच्या अध्यक्ष झाल्या, आणि तिथे बसून हे नियम त्यांना जवळून पाहायला मिळाले. १९८८ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि हा किचकट, कंटाळवाणा विषय राजकारणाचा झाला. आता बऱ्याच देशांत दिवसाचा वेळ कशात जातो याची पाहणी होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१८ साली ६४ देशांच्या अशा पाहण्या एकत्र केल्या. बिनपगारी घरकामात आणि माणसांचं करण्यात रोजचे १६४० कोटी तास जातात, आणि त्यातले ७६ टक्क्यांहून जास्त तास बायकांचे. दोनशे कोटी माणसांनी रोज आठ तास पगाराविना राबावं, इतकं हे काम.

हा आकडा फक्त बिचारेपणा दाखवायला नाही. तो धोरण ठरवताना लागतो, आणि तो नसला तर काय होतं ते १९८०च्या दशकात दिसलं. १९८२ साली मेक्सिकोनं परदेशी कर्जाचे हप्ते फेडता येत नाहीत असं सांगितलं आणि कर्जसंकट पसरलं. नाणेनिधी आणि जागतिक बँकेनं नवं कर्ज देताना अटी घातल्या. सरकारी खर्च कमी करा, अनुदानं काढा. कागदावर हा काटकसरीचा कार्यक्रम. डायान एल्सन या अर्थतज्ज्ञ बाईंनी त्याच्या आतली मेख दाखवली. इस्पितळानं रुग्णाला चार दिवस आधी घरी पाठवलं तर इस्पितळाची कार्यक्षमता वाढली असं दिसतं. पण ते चार दिवस कोणीतरी त्याचं करतंच ना? खर्च कमी झालेला नसतो, तो बजेटमधून निघून घरातल्या बाईच्या दिवसात गेलेला असतो. आणि बाईचा दिवस हवा तितका ताणता येतो, असं ते धोरण न बोलता धरून चाललं होतं. इक्वेडोरमधल्या ग्वायाकिलच्या एका झोपडवस्तीत कॅरोलिन मोझर त्या काळात पाहणी करत होत्या. त्यांना दिसलं की काही जणींनी निभावून नेलं, काही पार मोडून पडल्या, आणि बऱ्याचशा कशाबशा तग धरून होत्या. घरचं काम, मिळकतीचं काम आणि वस्तीत पाणी-रस्त्यासाठी धावपळ, असा हा तिहेरी भार. तिसऱ्याला तर कोणी काम म्हणतही नाही.

अर्थशास्त्रात घर म्हणजे फार काळ एकच डोकं आणि एकच पाकीट असं धरलेलं होतं. घरात पैसा आला की तो सगळ्यांचा. हे खरं आहे का? ख्रिस्तोफर उड्री यांनी बुर्किना फासोमधली शेती पाहिली. एकाच घरातली, एकाच वर्षी, एकच पीक घेतलेली नवऱ्याची आणि बायकोची वेगवेगळी शेतं. बायकोच्या शेताचा उतारा कमी निघाला. कारण मजूर आणि शेणखत दोन्ही नवऱ्याच्या शेताकडे वळत होते. मजूर आणि खत नुसतं सारखं वाटलं असतं, तर त्याच घराचं एकूण उत्पन्न वाढलं असतं. हा तोटा त्यांनी सहा टक्क्यांच्या आसपास काढला. १९९६ सालचा हा निष्कर्ष मला अजून चकित करतो. घर स्वतःचंच नुकसान करून घेतं, पण खताची पाटी बायकोच्या शेताकडे वळत नाही.

पाकीट एक नाही याचा दुसरा पुरावा दक्षिण आफ्रिकेतला. तिथे वर्णभेदी राजवट संपता संपता म्हातारपणीचं पेन्शन काळ्या लोकांनाही भरघोस मिळायला लागलं. एस्तेर दुफ्लो यांनी २००३ साली दाखवलं की पेन्शन आजीच्या हातात पडलं तर घरातल्या नातींची तब्येत सुधारते. आजोबांच्या हातात पडलं तर तसा फरक दिसत नाही.

इथे एक सापळा आहे. असे पुरावे पाहून मोठ्या संस्थांनी निष्कर्ष काढला की बायकांवर पैसा लावणं फायद्याचं. जागतिक बँक तर समता म्हणजे ‘हुशार अर्थशास्त्र’ असं म्हणायला लागली. वाक्य चुकीचं नाही, पण त्यात बाई पुन्हा साधनच होते. पोरं धडधाकट व्हावीत म्हणून, गरिबी हटावी म्हणून, कर्ज वेळेवर फिटावं म्हणून तिला पैसा द्या. आणि उद्या असं सिद्ध झालं की बाईवर पैसा लावून वाढ होत नाही, तर? तिचा हक्क तेव्हा संपतो का? मेक्सिकोनं १९९७ साली गरीब घरांतल्या आईच्या हाती रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. मुलं शाळेत जायला लागली, दवाखान्यात तपासली जायला लागली, हे चांगलंच. पण त्यासाठी सभांना जायचं, तपासण्यांना न्यायचं, अटी पाळायच्या, हे सगळं आईनं. बापाकडून काहीच अपेक्षा नाही. मॅक्सीन मॉलिनो यांनी विचारलं की हे सक्षमीकरण आहे की आईला सरकारच्या कामाला जुंपणं?

छोट्या कर्जाचंही तेच. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेनं बायकांना बिनतारण कर्ज दिलं, ते फिटलं, आणि २००६ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. दरम्यान १९९६ साली अॅन मेरी गेट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी बांगलादेशातल्याच कर्जांचा माग काढला. बऱ्याच ठिकाणी कर्ज तिच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात. हप्त्याचा तगादा मात्र तिच्याच दारात. गांबियाच्या शेताची आठवण येते ना? नायला कबीर यांनी याला उत्तर दिलं की गोष्ट इतकी एकरेषी नाही. पैसा बाईमुळे घरात आला याचंही घरात वजन पडतं, आणि त्या स्वतः याला काय मानतात हेही विचारायला हवं. मला दोन्ही बाजूंचं पटतं. पुढे सहा देशांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र आले. त्यात छोट्या कर्जानं काहींना थोडाफार हात दिला असं दिसलं, आयुष्य पालटलं असं नाही.

‘त्या स्वतः काय मानतात’ हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. चंद्रा तळपदे मोहंती यांनी १९८४ साली पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांनाच सुनावलं, की तुमच्या लिखाणात ‘तिसऱ्या जगातली बाई’ म्हणजे एकच साचा: गरीब, अडाणी, दबलेली, कोणीतरी येऊन सोडवण्याची वाट पाहणारी. त्याच वर्षी बंगळुरात दक्षिणेकडच्या, म्हणजे जगातल्या गरीब आणि विकसनशील देशांतल्या अभ्यासक-कार्यकर्त्या जमल्या आणि ‘डॉन’ हे जाळं उभं राहिलं. आमचं दुखणं नवऱ्यापुरतं नाही, कर्जाच्या अटी आणि जागतिक बाजारही त्यात आहेत, असं त्यांनी पुढच्या वर्षी नैरोबीच्या परिषदेत ठासून मांडलं.

ढाक्याच्या कपड्यांच्या कारखान्यांकडे पाहताना हे दोन्ही कान उघडे ठेवावे लागतात. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही अशा कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका. बायकांची बोटं चपळ म्हणून त्या शिवणाला बऱ्या, ही जुनी सबब एल्सन आणि रूथ पिअर्सन यांनी १९८१ सालीच उघडी पाडली होती. ती चपळता घरी शिकवलेली असते, म्हणून तिला कौशल्याचा दर मिळत नाही. तरीही याच कारखान्यांतल्या कामगार बायकांशी कबीर बोलल्या तेव्हा अनेकींना ती नोकरी सोडायची नव्हती. स्वतःचा पगार होता, लग्नाबद्दल बोलायला थोडी जागा होती. वाईट नोकरी आणि मोकळीक एकाच दारातून आत येऊ शकतात.

गांबियातल्या बायकांनीही नुसतं सोसलं नाही. नवऱ्यानं मारुओ म्हटलेल्या शेतात फुकट राबायचं का, यावरून घराघरात खटके उडाले. काहींनी पिकातला वाटा पदरात पाडून घेतला. ज्यांना काहीच मिळेना त्यांच्यातल्या काहींनी त्या शेतात पाय टाकायचंच सोडलं. त्यांनी एकत्र येऊन टोळ्या केल्या आणि लावणी, खुरपणी, कापणीला मजुरीनं जायला लागल्या. त्याच प्रकल्पाच्या शेतांवर, दुसऱ्यांच्या. काम तेच, खाचर तसंच. फरक एवढाच की आता आधी दर ठरायचा आणि मग बाई चिखलात उतरायची.